एका अंगणातील दोन कुळे

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून फिरणाऱ्या माणसाच्या कानांवर दोन आवाज हमखास पडतात. एक, केळीच्या बुंध्याशी पालापाचोळा उकरीत चाललेले कोंबड्यांचे समाधानी पुटपुटणे आणि दुसरा, बावखलाच्या हिरवट पाण्यावरून येणारा बदकांचा घोगरा गलका. पावसाचे पाणी साठावे, वाडीला शिंपणे मिळावे आणि खणून निघालेल्या मातीने सखल जमीन उंच व्हावी, म्हणून आपल्या पूर्वजांनी ही बावखले खणली. त्यांतली कित्येक आता बुजली आहेत. काही जपणारी माणसेही आहेत. ज्याच्या वाट्याला बावखल आले त्याला बदके पाळण्याचा मोह होतो, आणि कोंबड्या तर घराबरोबर येतातच. अशा रीतीने ही दोन कुळे एका अंगणात नांदू लागतात आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या भांडणाच्या कथाही सुरू होतात.

धर्मग्रामाच्या आवारात गेली काही वर्षे ही दोन्ही पाखरे माझ्या सोबतीला आहेत. भेटीला येणारी मंडळी कुंपणापाशी थबकतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘फादर, ही एकमेकांशी भांडत नाहीत का?’ भांडतात. परंतु का भांडतात, केव्हा भांडतात आणि त्यात आपला हात किती असतो, हे पाहू लागलो की प्रश्न वाटतो तितका साधा राहत नाही.

मुळात ही दोन कुळे फार वेगळ्या ठिकाणांहून आपल्या दाराशी आली आहेत. आपल्या कोंबडीचा पूर्वज म्हणजे रानातला तांबडा रानकोंबडा. जमीन उकरून किडेमुंग्या व दाणे टिपायचे आणि अंधार पडू लागला की झाडाच्या फांदीवर चढून बसायचे, हा त्याचा नेम. आपल्या बहुतेक पाळीव बदकांचे मूळ मात्र हिरव्या मानेच्या रानबदकात आहे. पाणी हे त्याचे घर. विसाव्याला तो काठावर, जमिनीवर बसतो. कोंबडी रात्री मुकाट झोपते, बदक रात्रीही पुन्हा पुन्हा जागे होऊन कुजबुजते. कोंबडीला कोरडी जमीन हवी, बदकाला चिखल प्रिय. एकीची चोच अणकुचीदार, दुसऱ्याची रुंद व बोथट. दोघांनाही पंख आहेत आणि दोघेही अंडी देतात, एवढ्या साम्यावर आपण त्यांना एका खुराड्यात कोंडतो आणि त्यांनी सलोख्याने राहावे अशी अपेक्षा करतो.

भांडणाची त्यांची भाषाही निरनिराळी आहे. कोंबड्यांच्या भांडणाला एक शिस्त असते. थोर्लाइफ श्येल्देरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने लहानपणापासून कोंबड्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, कळपातील प्रत्येक कोंबडीला आपली पायरी ठाऊक असते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची कोणालाच नाही. ऐकायला हे क्रूर वाटते. प्रत्यक्षात या उतरंडीमुळेच मारामारी थांबते; कारण एकदा पायरी ठरली की वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते. रोजच्या घासासाठी रोज लढावे लागत नाही. म्हणून कोंबड्या अधूनमधून एकमेकींना टोचताना दिसल्या तर मध्ये पडण्याचे कारण नाही. रक्त येत नाही आणि खालच्या पायरीवरचीला खायला मिळते, तोवर ती त्यांची घरगुती बाब समजावी.

बदकाला ही उतरंड वाचता येत नाही. कोंबडी मान ताठ करून इशारा देते तेव्हा बदक आपल्याच नादात डुलत पुढे येते आणि सरळ खाद्याच्या भांड्यात चोच घालते. कोंबडीला तो उद्धटपणा वाटतो व ती डोक्यावर टोचते. बदक कलकलाट करीत पळते, पण धडा घेत नाही; क्षणभराने पुन्हा तेथेच हजर. उलट बदके पाण्यावरून परत येताना एकदम घोळक्याने येतात, आणि वाटेत उभी असलेली एकटी कोंबडी त्या लोंढ्यात भांबावून जाते. दोघांचे बोलणे दोघांना परके, म्हणून लहानसा प्रसंगही मिटत नाही.

इथपर्यंतचे भांडण टोचाटोचीचे, म्हणजे सोसण्याजोगे. खरा धोका असतो तो बदकाच्या नराकडून. हा विषय किंचित संकोचाचा आहे. परंतु तो न सांगितल्यामुळे कोंबड्या दगावतात, म्हणून स्पष्ट सांगणे बरे. बदकाचा नर आपल्या मादीच्या मानेची पिसे चोचीत घट्ट पकडून तिच्यावर चढतो, आणि हे बहुधा पाण्यात घडते, कारण पाणी मादीला तोलून धरते. माद्या अपुऱ्या असतील तर तो कोंबड्यांच्या मागे लागतो. बहुतेक पक्ष्यांप्रमाणे कोंबड्याला बाह्य जननेंद्रिय नसते. बदकाच्या नराला ते असते. कोंबडीचे शरीर त्यासाठी घडलेले नाही. त्यामुळे तिला आतून गंभीर इजा होऊ शकते आणि तीत ती प्राणासही मुकते. हा प्रकार पाण्याच्या काठाशी घडला तर कोंबडी बुडण्याचेही भय असते. दिवस मोठा होऊ लागला की नराचा हा जोर वाढतो. म्हणून जाणते लोक एका नरामागे निदान चार-पाच माद्या ठेवतात. कोंबड्याच्या बाबतीत हेच प्रमाण एकास आठ-दहा असे धरतात. नर ओळखणे कठीण नाही. त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली असतात आणि त्याचा आवाज घोगरा, बसलेला असतो. अंगण दणाणून सोडणारा मोठा आवाज मादीचा. मस्कोव्ही जातीच्या नराला मात्र हे वळलेले पीस नसते; तो त्याच्या अवाढव्य आकारावरून आणि तोंडावरील लाल मांसल गाठींवरून ओळखावा.

याच कारणावरून आमच्या धर्मग्रामातील दोन भावांच्या घरांत बोलणे बंद पडण्याची वेळ आली होती. वाडी वाटून झाली होती. बावखल मात्र सामाईक राहिले होते. थोरल्याची पाच बदके, धाकट्याच्या दहा-बारा कोंबड्या. धाकट्याच्या कोंबड्यांच्या मानेवरची पिसे जाऊ लागली, एक लंगडू लागली, आणि एके सकाळी एक कोंबडी काठाशी मरून पडलेली सापडली. धाकटी जाऊ म्हणाली, ‘यांची बदके आमच्या कोंबड्या मारतात.’ थोरली म्हणाली, ‘बदकाला दात ना नखे, ते काय मारणार? मुंगसाचे काम असेल.’ पाखरांचे भांडण उंबरठा ओलांडून माणसांत शिरले. वाटणीच्या वेळी गिळलेले शब्दही त्यानिमित्ताने बाहेर पडू लागले. अखेरीस दोन्हीकडची मंडळी, अर्थातच वेगवेगळ्या वेळी, माझ्याकडे आली.

मी एक संध्याकाळ त्या काठावर काढली. पाच बदकांपैकी तीन नर होते आणि दोन माद्या. पूर्वी माद्या अधिक होत्या. दोन कुत्र्यांनी नेल्या, एक विकली गेली, आणि प्रमाण कधी उलटे झाले हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. उरलेल्या दोन माद्यांच्याही मानेची पिसे गेली होती, हे थोरलीला त्या संध्याकाळी प्रथमच दिसले. तीही तिचीच पाखरे, त्यांनाही तोच जाच होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग धाकटीकडे न पाहताच म्हणाली, ‘फादर, दोन नर काढून टाकते.’

एक नर अधिक माद्या असलेल्या एका घरी गेला. दुसरा नाताळच्या जेवणात गेला. आपल्याकडे त्या दिवशी बदकाला मान असतोच, आणि पाखरे पाळणाऱ्या घराने याबाबतीत हळवेपणाचे सोंग आणू नये. पुढे आणखी तीन माद्या आणल्या गेल्या आणि बावखलाच्या एका बाजूला कमरेइतकी जाळी उभी राहिली. जाळीचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा केला, हे मला नंतर कळले. जावा-जावांचे सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. परंतु अंड्यांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली आहे.

या अनुभवानंतर अनेकांनी मला व्यवस्थेविषयी विचारले, म्हणून चार गोष्टी येथे नोंदवून ठेवतो. रात्रीची जागा वेगळी असावी, हे पहिले. कोंबड्या दांडीवर बसतात, बदके खाली. एकत्र कोंडल्यास वरची घाण खालच्यांच्या अंगावर पडते आणि बदकांच्या रात्रीच्या हालचालींनी कोंबड्यांची झोप मोडते. शिवाय बदके पाणी सांडून जमीन ओली करतात. ओल्या तुसात कोंबड्यांना रक्ती हगवणीसारखे रोग होतात. भिंत एकच असली तरी चालेल, पण खण दोन हवेत. कोंबडीमागे आत सुमारे ४ चौरस फूट आणि बाहेर निदान १० चौरस फूट जागा धरावी. बदकाला त्याहून थोडी अधिक. दाटी वाढली की टोचणे वाढते, हे कोणत्याही खुराड्यात पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. बदके बहुधा पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या सुमारास अंडी देतात. तोपर्यंत त्यांना आत ठेवले तर अंडी चिखलात हरवत नाहीत, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत कोंबड्या निवांत चरून घेतात. निसर्गाने दिलेली ही सवलत वापरली तर निम्मी भांडणे आपोआप टळतात.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. खाद्याची भांडी एकाऐवजी तीन ठेवावीत आणि एकमेकांपासून इतक्या अंतरावर, की एकच दांडगी कोंबडी तिन्हींवर पहारा करू शकणार नाही. बदकाला घास घेताना पाणी जवळ लागते आणि नाकपुड्या धुता येतील इतके खोल लागते. कोंबड्यांचे पाणी मात्र उथळ व उंचावर, विटेवर ठेवावे. नाहीतर बदके त्याचा क्षणात गाळ करतात. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जवळजवळ दुप्पट लागते. ते न मिळाल्यास त्यांचे पाय अधू होतात, आणि लंगडे पिल्लू सर्वांच्या टोचण्याचे लक्ष्य बनते. खाद्यात थोडे यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते. आजाराचे मूळ ताटात आणि मारहाणीचे मूळ आजारात, असा हा क्रम आहे.

चौथी गोष्ट नव्या पाखराची. बाजारातून आणलेले पाखरू थेट कळपात सोडू नये. आठ-पंधरा दिवस मध्ये जाळी ठेवून दोन्ही बाजूंना एकमेकांचे तोंड ओळखीचे होऊ द्यावे. एकटे आणण्यापेक्षा दोन आणावीत, म्हणजे सगळा रोष एकावर येत नाही. अंगणात झावळ्यांचा आडोसा, एखादा ओंडका, कडेला टेकवून ठेवलेली फळी असावी. मार खाणाऱ्याला नजरेआड होता आले पाहिजे. कोणाला रक्त आलेच तर त्याला तत्काळ वेगळे काढावे, जखम धुऊन हळद लावावी आणि खपली धरेपर्यंत परत सोडू नये. लाल रंग दिसला की कोंबड्यांची टोचणी थांबत नाही, मग ती पाठची सख्खी बहीण का असेना.

आपल्याकडे खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवण्याची जुनी रीत आहे. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत, मस्कोव्हीचे सुमारे ३५ दिवसांत. ती बिचारी हिशेब न मागता आठवडाभर अधिक बसते. पिल्ले निघतात, तिच्यामागे धावतात आणि पाणी दिसताच तिला काठावर सोडून आत उतरतात. काठावर तिची जी तगमग होते ती पाहवत नाही. शुभवर्तमानात पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा आली आहे. ती वाचताना मला आता ही काठावरची आईही आठवते. ही रीत चांगली आहे, पण तिला एक पथ्य हवे. केवळ कोंबडीच्या पिल्लांत वाढलेला बदकाचा नर मोठेपणी कोंबड्यांनाच आपल्या जातीच्या मानून त्यांच्या मागे लागण्याचा संभव असतो. म्हणून बदकाची पिल्ले एकेकटी न वाढवता निदान तीन-चार एकत्र वाढवावीत आणि वयात येण्यापूर्वीच बदकांच्या कळपात न्यावीत.

हे सर्व सांगून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. हा आक्रमकपणा म्हणजे दुष्टपणा म्हणायचा का? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला पहिल्यांदा हेच शिकवले गेले की, जिथे निवड नाही तिथे दोष नाही. बदकाच्या नरासमोर दोन वाटा नसतात. त्याला रागे भरून, काठी मारून काही साधत नाही. काठी पाहून तो आपल्यापासून दूर पळतो आणि पाठ फिरताच पुन्हा कोंबडीकडे जातो.

कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन निसर्गशास्त्रज्ञाला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका पुस्तकात त्याने कबुतराच्या कुळातील दोन पक्ष्यांची हकिकत सांगितली आहे. दोन निरनिराळ्या जातींचे पारवे त्याने एका पिंजऱ्यात ठेवले. तो बाहेरगावी जाऊन परतला, तेव्हा एकाने दुसऱ्याची पाठ अक्षरशः सोलून काढली होती. ज्या पाखराला आपण शांतीचे चिन्ह मानतो त्याचे हे वर्तन! लोरेन्झने दिलेले स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. रानात हरलेला पारवा उडून जातो आणि भांडण तेथेच संपते. त्यामुळे शरण आलेल्याला सोडून द्यावे, असा आतून लगाम त्या जातीला कधी लागलाच नाही. पिंजऱ्यात पळायला जागा नव्हती. म्हणून मारणाराही थांबला नाही.

आपल्या अंगणातही हेच घडते. रानात रानकोंबडी फांदीवर जाते, रानबदकाची मादी दुसऱ्या पाणथळीला उडून जाते. कुंपण आपण घातले. पंख आपण छाटले. किती नर, किती माद्या, कोणी कोठे झोपायचे, भांडे एक की तीन, हे सगळे आपण ठरवले. निसटण्याची वाट ज्याने बंद केली, त्याच्यावर आत काय चालते याची जबाबदारी येऊन पडते. ‘पाखरांचा स्वभावच तसा’ हे वाक्य खरे आहे. पण ते कुंपण घालणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. कुटुंबाचे, शाळेच्या वर्गाचे किंवा एखाद्या संस्थेचे कुंपण ज्यांच्या हाती असते, त्यांनी यातून काय घ्यायचे ते घ्यावे. मी पाखरांवरून प्रवचन करणार नाही. त्या दोन भावांच्या काठावरही प्रवचन उपयोगी पडले नसते. नर मोजणे उपयोगी पडले.

आणि कधीकधी सर्व उपाय करूनही दोन पाखरे एकत्र राहत नाहीत. अशा वेळी कायमची जाळी घालावी आणि त्यात कमीपणा मानू नये. दोन खण असलेले अंगणही एकच अंगण असते. जाळीच्या दोन बाजूंना बसून एकाच सावलीत दुपार काढणारी कोंबडी आणि बदक मी पाहिली आहेत. जाळी नसती तर त्यांतील एकच उरली असती.

पाळणाऱ्याने अंगणातल्या शांततेची परीक्षा कशी घ्यावी, हे एका वृद्ध धर्मग्रामस्थ बाईंनी मला शिकवले. गलका थांबला म्हणजे सलोखा झाला असे समजू नये, असे त्या सांगत. कारण घाबरलेले पाखरूही गप्पच असते. संध्याकाळी पाखरे आत शिरताना सर्वांत दुबळी कोंबडी अलगद उचलावी आणि तिच्या गळ्याखालच्या धान्याच्या पिशवीवरून बोट फिरवावे. पिशवी भरलेली लागली तर दिवस सर्वांचाच बरा गेला. रिकामी लागली, तर उद्या सकाळी भांड्यांची जागा बदलावी.